हात बसण्याआधी, हात बसल्यावर

ऑक्टोबर संपत आला की कर्जत-खालापुरात भातकापणी सुरू होते आणि आमच्याकडे डाव्या हाताची बोटं येऊ लागतात. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत भाताची ताटं. विळा जरा घसरला की करंगळी, नाहीतर तिच्या शेजारचं बोट. बाई येते ती जखमेत हळद भरून, वर जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधून. चिंधी सोडली की समोरचा इंटर्न पुस्तकातल्या क्रमाने निघतो: रक्तपुरवठा, संवेदना, टेंडन, हाड, सांधा. त्याला दहा मिनिटं लागतात. मी टेबलाच्या पलीकडून एकदाच बघतो. बाकीची बोटं सरळ होतायत, एकाचं टोक लोंबतंय, म्हणजे वरचा टेंडन तुटलाय. "ओटीत घ्या," एवढं म्हणून मी हात धुवायला जातो.

काही वर्षांपूर्वी असाच निघालो होतो आणि मागून एक मुलगी म्हणाली, "सर, करंगळीच्या बाहेरच्या बाजूला मावशींना टोचलेलं कळत नाहीये." नस तुटली होती. टेंडन मला दिसला, कारण तसा टेंडन मी आयुष्यभर पाहत आलो होतो. आणि तो दिसल्याबरोबर मी बघायचं थांबलो होतो. त्या मुलीची इंटर्नशिप सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. तिला काय दिसायला हवं हेच ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळं तपासत होती.

शिकणाऱ्याचं शिकणं आणि शिकून बसलेल्याचं शिकणं यांत फरक काय, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पडला. ही प्रस्तावना ज्या टिपणांना जोडली आहे, तीही याच प्रश्नाभोवती जमली. इंटर्न, बॉन्डवर आलेले मेडिकल ऑफिसर, तीन महिन्यांसाठी आलेले पीजी आणि आमच्यासारखे केस पिकलेले सर्जन, यांनी आपण एखादी गोष्ट प्रत्यक्षात कशी शिकलो ते लिहावं, एवढीच अट होती. मुलांनी भराभर लिहून दिलं. कुणी ड्रेसिंग सिस्टरांकडून शिकल्याचं लिहिलं, कुणी पहिल्या टाक्याला हात कसा थरथरला ते. सर्जन मंडळींकडून मजकूर मिळवायला मात्र फार दिवस गेले. त्यातल्या दोघांनी तर 'मी कसा शिकवतो' यावरच पानं भरून पाठवली. ती परत करावी लागली.

बाहेरच्या वाचकासाठी थोडा मुलूख सांगतो. रायगड म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमच्या वाट्याला समुद्र आलेला नाही, घाट आला आहे. एका अंगाला माथेरान, दुसऱ्या अंगाला खांडसच्या डोक्यावर भीमाशंकर, मध्ये उल्हास नदी, भाताची खाचरं आणि डोंगरउतारावर ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या. खोपोलीत टाटांचं वीजघर १९१५ पासून आहे. पुढे त्याच्या आसपास कारखाने आले. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, तो खालापूर तालुका कापत घाट चढतो. त्यामुळे आमच्याकडच्या सर्जनचा दिवस असा जातो: सकाळी हर्निया, दुपारी प्रेसमध्ये सापडलेला हात, रात्री महामार्गावरून आलेली तीन माणसं, आणि पावसाळा असेल तर मधल्या वेळेत फुरसं चावलेला पाय. सरकारी सोय म्हणाल तर कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळ्याचं आणि चौकचं ग्रामीण रुग्णालय. त्यापुढचं काही लागलं तर पनवेल-कामोठे, नाहीतर मुंबई.

मोठ्या इस्पितळात सर्जन एकटा नसतो. तिथे युनिट असतं: हाऊसमन, रजिस्ट्रार, लेक्चरर, प्रोफेसर. एका पोटात चार जणांचे डोळे असतात आणि चुकलेली गोष्ट निदान आठवड्याच्या मीटिंगमध्ये तरी निघते. तालुक्यात सर्जन एक, फोन करून बोलावलेला भूलतज्ज्ञ एक, आणि सिस्टर. चूक झाली तर ती ओळखणारं दुसरं कुणी तिथे नसतं. केस चांगली झाली की पेशंट सातव्या दिवशी टाके काढायला येतो. बिघडली की तो परत आपल्याकडेच येईल असं नाही, थेट पनवेल गाठतो. म्हणजे आपल्या कामाचा निकालच आपल्याला अर्धा मिळतो. शहरातल्या सर्जनपेक्षा तालुक्यातल्या सर्जनचं शिकणं वेगळं होतं ते इथे.

आता या विषयावर जगात काय बोललं जातं ते थोडक्यात पाहू. नाहीतर कुणी म्हणेल, म्हातारा नुसत्या गोष्टी सांगतो. अमेरिकेतल्या डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली अनुभवातून शिकण्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते शिकण्याच्या चार पायऱ्या असतात: अनुभव घेणं, त्याकडे मागे वळून बघणं, त्यातून नियम काढणं आणि तो नियम करून पाहणं. आपण सगळेच या चक्रातून फिरतो, पण प्रत्येकजण कुठेतरी जास्त रेंगाळतो, आणि त्यावरून त्यांनी चार प्रकार पाडले. त्यांची प्रश्नावली परदेशात सर्जरीच्या रेसिडेंटना अनेकदा दिली गेली. सिनसिनाटीत तर बारा वर्षांची माहिती जमवून तपासली. सर्वांत जास्त निघाले ते 'कन्व्हर्जर', म्हणजे नियम हातात पडला की लगेच तो वापरून बघायची घाई असलेले. सर्जरीकडे अशीच मुलं वळतात हे सांगायला बारा वर्षं लागली, असं आमच्या ओटीतले मामासुद्धा म्हणतील. पण अशा अभ्यासांतून एक कामाची गोष्ट निघाली. शिकवणाऱ्याचा कल आणि शिकणाऱ्याचा कल एकच असेलच असं नसतं, आणि शिकवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी विभागणी जास्त लोकप्रिय आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी ती मांडली: काही जण बघून शिकतात, काही ऐकून, काही वाचून-लिहून, काही हाताने करून. कोचिंग क्लासवाल्यांना ही फार आवडते. २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन चाळून पाहिलं. माणसाची आवड वेगवेगळी असते हे खरं. पण ज्याला जी पद्धत आवडते त्याच पद्धतीने शिकवल्यावर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मला हे वाचून हायसं वाटलं. एकदा एका मुलाने मला सांगितलं होतं, "सर, मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला वाचून नाही कळत." त्याला ॲनाटॉमीचं पुस्तक उघडायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. अपेंडिक्स सुजताना समोरच्याची लर्निंग स्टाइल विचारत नाही. ते काढायचं तर पुस्तक वाचावं लागतं, सरांचं बोलणं ऐकावं लागतं, डोळे उघडे ठेवावे लागतात आणि शेवटी हात घालावा लागतो. या चारांपैकी एक जरी वगळलं तरी पेशंटच्या पोटाला ते कळतं.

तेव्हा या पुस्तिकेतल्या टिपणांना 'तू अमुक प्रकारचा, ती तमुक प्रकारची' अशी लेबलं लावलेली नाहीत. फरक शोधला आहे तो दुसरीकडे. विद्यार्थी केसच्या आधी शिकतो. आदल्या रात्री वाचतो, पायऱ्या पाठ करतो, सर काय विचारतील याचा अंदाज घेतो. सर्जन शिकला तर केसच्या नंतर शिकतो. गाडी घराकडे वळवताना, ती एक गाठ आणखी वर बांधायला हवी होती का, असं मनात आलं तर. विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला लाज वाटत नाही, उलट न विचारल्याची बोलणी बसतात. सर्जनने प्रश्न विचारला की त्याला येत नाही असा अर्थ निघतो. विद्यार्थ्याला परीक्षक मिळतो, लाँग केस असते, व्हायव्हा असते. सर्जनची शेवटची परीक्षा कधीच होऊन गेलेली असते.

मला आमच्या शेतकऱ्यांचं उदाहरण जवळचं वाटतं. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेलं 'कर्जत-३' हे वाण इथल्या घराघरात माहीत आहे. पण नवं वाण आलं म्हणून कुणी पत्रक वाचून सगळी शेती त्याखाली आणली असं झालं नाही. आधी शेजाऱ्याचं खाचर पाहिलं, बांधावर उभं राहून लोंबी हातात घेतली, पुढच्या वर्षी आपल्या एका खाचरात लावलं, भात कसा शिजतो ते बायकोला विचारलं, मग बाकीचं. हात बसलेला सर्जन असाच शिकतो. त्याच्याकडे चालू असलेली, पोट भरणारी पद्धत असते. ती सोडायची तर आधी दुसऱ्याचं पीक डोळ्यांनी बघायचं असतं. विद्यार्थ्याचं खाचर मात्र अजून रिकामं असतं, तिथे काहीही लावा. कुणी याला सर्जनचा हट्टीपणा म्हणतं. मी त्याला अर्धा हट्टीपणा म्हणेन. उरलेली अर्धी सावधगिरी असते आणि ती पेशंटच्या फायद्याची असते.

एकच शस्त्रक्रिया वेगवेगळी माणसं तीन तऱ्हांनी कशी शिकतात, याचं जगातलं सर्वांत सुंदर उदाहरण आमच्या घाटाच्या वर, पुण्यात घडलेलं आहे. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य म्हणून नोंदलेला नाही. इंग्रजी वृत्तांतात त्याची जात वीटकाम करणाऱ्यांची सांगितली आहे. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून, भुवयांच्या मध्ये तिचा एक दांडा राखून, खाली वळवून बसवली. जखमेवर भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो दांडा कापला. कात म्हणजे खैराच्या लाकडातून निघणारा. आणि ज्यांचं नावच त्या कातावरून पडलं ते कातकरी आमच्या दोन्ही तालुक्यांत आजही राहतात. तो कात कुणी काढला होता हे कळायला मार्ग नाही, पण ही ओळ वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच वाड्या येतात. पुण्याहून मुंबईकडे उतरणारी वाट तेव्हाही बोरघाटातलीच होती. त्याच काळातल्या नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि देऊळ खोपोलीत अजून उभं आहे.

आता शिकण्याकडे बघा. त्या कारागिराला ही विद्या पुस्तकातून आलेली नव्हती. ती त्याला माणसाच्या शेजारी बसून, हातातून हातात आली असणार. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज सर्जन ही शस्त्रक्रिया बघायला हजर होते. त्यांनी ती डोळ्यांनी घेतली. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह तिचा वृत्तांत छापून आला आणि तो जोसेफ कार्प्यू नावाच्या तिथल्या सर्जनने वाचला. वाचल्याबरोबर त्याने सुरी उचलली नाही. मृतदेहांवर ती पुन्हा पुन्हा करून पाहिली आणि १८१४ साली, म्हणजे वाचल्यापासून वीस वर्षांनी, जिवंत माणसावर केली. दोन वर्षांनी त्यावर पुस्तक काढलं. हातातून शिकलेला, बघून शिकलेले आणि वाचून शिकलेला, असे सगळे इथे एका नाकाभोवती उभे आहेत. पुण्याच्या कारागिराला बहुधा वीस वर्षं लागली नसतील. पण त्याची विद्या त्याच्या घराबाहेर गेली ती वाचणाऱ्यामुळे आणि छापणाऱ्यामुळे. त्याचं नावसुद्धा आपल्यापाशी उरलं नाही.

मृतदेहावर, भाजीवर, चामड्यावर हात बसवायचा आणि मगच माणसाकडे वळायचं, ही कल्पना कार्प्यूची नव्हे. सुश्रुतसंहितेत यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. कापायचा सराव दुधी, काकडी, कोहळ्यावर. फोडायचा सराव पाण्याने वा चिखलाने भरलेल्या पिशव्यांवर. शीर टोचायचा सराव कमळाच्या देठावर. शिवायचा जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधायला कापडाचा पुतळा. आज याला सिम्युलेशन लॅब म्हणतात आणि त्यासाठी टेंडर निघतं. आमच्या इंटर्न मुली केळ्याच्या सालीवर टाके घालतात, कारण साल फाटली की हात जड असल्याचं लगेच दिसतं. एकीने टिपणात लिहिलंय की कर्जत लोकलमध्ये दोन तास हातात सुईहोल्डर घेऊन नुसती उघडझाप करताना शेजारच्या काकूंनी तिला "विणकाम कसलं?" असं विचारलं. ते टिपण जरूर वाचा.

शिकलेल्या माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं तर काय होतं, हे माझ्या पिढीने दुर्बिणीच्या निमित्ताने अंगावर घेतलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आपल्या देशातली ती पहिलीच अशी शस्त्रक्रिया. पण निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याचं काम ते १९७२ पासून करत होते. अठरा वर्षं डोळा तयार होत होता, मग हात आला. कार्प्यूची वीस वर्षं आठवली ना? बाकीच्या जगाला मात्र इतका धीर नव्हता. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सर्जनांच्या एका गटाने १९९१ साली अशा १,५१८ शस्त्रक्रियांचा हिशेब छापला. प्रत्येक चमूच्या पहिल्या १३ पेशंटांत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण २.२ टक्के होतं. त्यानंतरच्या पेशंटांत ०.१ टक्का. हे सगळे उघड्या पोटाच्या शस्त्रक्रियेत मुरलेले लोक होते. त्यांना पित्ताशय माहीत होतं, नलिका माहीत होती. माहीत नव्हतं ते एवढंच, की बोटांना काही लागत नाही, हात डावीकडे नेला की पडद्यावर टोक उजवीकडे जातं, आणि खोली डोळ्यांना दिसत नाही.

मी दुर्बीण शिकलो तेव्हा चाळिशी उलटली होती. शेजारच्या टेबलावर एक पीजी होता, वय सव्वीस. पेटीत टाकलेले वाटाणे चिमट्याने उचलून वाटीत टाकायचे होते. त्याचे वीस झाले तेव्हा माझे सहा. मी उघड्या पोटात जे बोटांनी शिकलो होतो तेच माझ्या आड येत होतं. माझी बोटं सतत काहीतरी चाचपायला बघत होती. त्याच्या बोटांना विसरण्यासारखं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी रक्त कुठून येतंय हे पडद्यावर ओळखायचं होतं, तिथे तो गोंधळला आणि मला बघताक्षणी कळलं. मला हात नवा करावा लागत होता, त्याला नजर. आम्ही दोघांनी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांची शिकवणी घेतली. प्रशिक्षण देणाऱ्यांनी आमची टेबलं मुद्दाम शेजारी लावली होती की जागा नव्हती म्हणून, ते मी विचारलं नाही.

शिकवण्याच्या सरकारी पद्धतीही यात बदलल्या आहेत, आणि बहुतेक बदल चांगले आहेत. पूर्वी सगळ्या जगाचा मंत्र एकच होता: एक बघा, एक करा, एक शिकवा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी रेसिडेन्सी बसवली, तिच्या नावावर हे वाक्य खपतं. २०१९ पासून आपल्याकडे एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला. त्यात दाखवा, बघा, मदत करा, करा अशा चार पायऱ्या धरल्या आहेत आणि प्रत्येक कौशल्याची लॉगबुकात नोंद होते. 'मदत करा' ही पायरी मधे आली, हे फार बरं झालं. २०२० साली पीजींसाठी नियम झाला की तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयांत काढायचे. मुंबईची मुलं सुरुवातीला तोंड वाकडं करून आली. तीन महिन्यांत त्यांतल्या काहींना पहिल्यांदा कळलं की सोनोग्राफी रात्री नसते, आणि तरीही पोटावर हात ठेवून निर्णय घ्यावा लागतो. लॉगबुकाबद्दल माझी एकच कुरकुर आहे. ते विद्यार्थ्यालाच का? सही करणाऱ्याने गेल्या वर्षात नवं काय शिकलं याचा रकाना त्यात कुठेही नाही.

मदतीच्या पायरीवर थोडा थांबतो, कारण या पुस्तिकेतली सर्वांत जास्त टिपणं तिच्याबद्दल आहेत. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात, लोक वडे घेतात आणि तेवढ्यात गाडीच्या मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही. बँकर मागून रेटतात आणि लोणावळ्याला सुटतात. गाडी चालवतो तो पुढचा ड्रायव्हर. सिग्नल तोच बघतो. पीजी हर्नियाला सर्जनच्या जागी उभा असतो आणि मी समोरून रिट्रॅक्टर धरतो, तेव्हा मी बँकर असतो. सांगायला सोपं आहे. तो सुई चुकीच्या कोनात धरतो आणि माझा हात आपोआप पुढे जातो. तो पुढे न जाऊ देणं ही मला आयुष्यात सर्वांत उशिरा आलेली विद्या. आणि तिचा फायदा पीजीपेक्षा मला जास्त झाला. वर्षानुवर्षं जी शस्त्रक्रिया मी एकाच बाजूने पाहिली होती, ती समोरून पाहिली तेव्हा कळलं की माझ्या काही हालचाली निव्वळ सवयीच्या आहेत. त्यांना कारणच नाही. एका मुलाने विचारलं, "सर, ही गाठ तुम्ही इथेच का बांधता?" मी म्हणालो, माझे सर बांधायचे म्हणून. त्या गाठीबद्दल मी त्या रात्री तीस वर्षांत पहिल्यांदा वाचलं.

पण समोर असा मुलगाही नसेल तर? इथे मला आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव घ्यावंसं वाटतं, जरी ते सर्जन नव्हेत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं येत आणि मरत. पुस्तकात या विंचवाबद्दल उपयोगाचं फारसं काही नव्हतं, विचारायला वरिष्ठ नव्हते. ते रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय लिहून ठेवत गेले. त्यातून विंचवाचं विष हृदयावर काय करतं ते उलगडलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर लागू पडलं. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू एका टक्क्यावर आले. २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरांनी मुख्यतः त्यांच्या कष्टांबद्दल लिहिलं. मला त्यांच्या वहीबद्दल वाचायला आवडलं असतं. कोल्बच्या चार पायऱ्या त्या एका माणसाने, कुणी सांगितल्याशिवाय, आरोग्य केंद्राच्या खाटेशी बसून चढल्या. आणि दुसरी पायरी, मागे वळून बघण्याची, कागदामुळे झाली. तालुक्यात एकट्या पडलेल्या डॉक्टरला दुसऱ्या डोळ्यांची जोडी हवी असेल तर ती वहीच असते. आठवणीवर भिस्त ठेवू नये. आठवण चांगल्या केस राखते, वाईट केस मऊ करून ठेवते.

हे लिहिताना काही सर्जन मित्र रागावतील याची कल्पना आहे. "आम्ही शिकत नाही असं म्हणायचंय का?" शिकतो, कॉन्फरन्सला जातो, व्हिडिओ बघतो, पॉइंट मिळवतो. पण जे आवडतं तेच शिकतो. ज्याला हर्नियाची जाळी बसवायला आवडते तो जाळीच्याच सत्राला बसतो. विद्यार्थ्याला न आवडणारंही शिकावं लागतं, कारण ते परीक्षेला येतं. आमच्याकडे परीक्षेला येतं ते दरवाजातून, रात्री दोन वाजता, आणि तेव्हा वाचायला वेळ नसतो.

पुस्तिकेत काय आहे आणि काय नाही, तेही सांगायला हवं. ऑपरेशन कसं करावं हे यात नाही. त्याला जाडजूड पुस्तकं आहेत. पेशंटांची नावं, गावं बदललेली आहेत. टिपणं लिहिणाऱ्यांच्या हुद्द्यानुसार लावलेली नाहीत, विषयानुसार लावली आहेत. त्यामुळे टाक्यांच्या विभागात पंचवीस वर्षं काम केलेल्या सर्जनच्या शेजारी इंटर्न बसलेली दिसेल. त्यावर आक्षेप आले. ते तसंच ठेवलं आहे. भाषा ज्याची त्याची राहू दिली आहे. ठाकर वाडीतून शिकून डॉक्टर झालेल्या मुलाची मराठी आम्ही प्रमाण केलेली नाही, आणि दादरच्या मुलीचं निम्मं इंग्रजीही तसंच ठेवलं आहे. करंगळीची नस शोधणाऱ्या त्या मुलीला मी लिहायला सांगितलं होतं. तिने लिहिलं नाही. फोनवर म्हणाली, "सर, मला तो दिवस आठवतच नाही."

शेवटची बारा पानं कोरी आहेत. छापखान्याची चूक समजून कुणी ती परत करू नये. वाचणारा इंटर्न किंवा पीजी असेल तर त्याने ती पानं भरू नयेत. पुस्तिका वाचून झाली की आपल्या सरांच्या टेबलावर ठेवावी. सरांनी गेल्या वर्षभरात जी केस आपल्या मनासारखी झाली नाही ती तिथे लिहावी, तारखेसकट. माझ्या प्रतीत तीन पानं भरली आहेत.